तंबोऱ्याला पडदे: सातवीच्या वर्गातलं एक प्रकरण

मिरजेतल्या एका माध्यमिक शाळेत मी चित्रकला शिकवते. हे प्रकरण सातवीच्या एका वर्गाचं आहे. पट पन्नासच्या आसपास, आणि त्यातली बरीच मुलं त्या वर्षी एलिमेंटरीला, म्हणजे चित्रकलेच्या सरकारी परीक्षेला, बसणार होती. पहिल्या सत्रात स्मरणचित्रासाठी, म्हणजे आठवणीतून काढायच्या चित्रासाठी, मी ‘गाण्याची मैफल’ हा विषय दिला. मिरजेच्या मुलांना हा विषय परका नाही. गायक अब्दुल करीम खाँसाहेब इथे राहिले, मिरासाहेब दर्ग्याच्या उरुसात त्यांच्या स्मरणार्थ संगीत सभा होते, विष्णु दिगंबर पलुसकर इथेच बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले. सतारी-तंबोरे घडवणारी घरं तर शाळेपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा शाळेच्या फलकावर ती बातमी याच मुलांनी लिहिली होती.

चित्रं गोळा केली तर सगळ्यांची मैफल एकच. मधोमध गायक, त्याचा उजवा हात वर. एका बाजूला तबलजी, दुसऱ्या बाजूला तंबोरा धरलेली बाई, मागे कमान आणि झालर, पुढे श्रोत्यांच्या पाठमोऱ्या डोक्यांची रांग. एलिमेंटरीच्या तयारीसाठी बाजारात मिळणाऱ्या एका मार्गदर्शक पुस्तकातलं हे चित्र. मुलांनी ते आधीच पाठ केलेलं होतं, काहींनी शिकवणीत, काहींनी मोठ्या भावंडांच्या वहीतून. आणि जवळपास प्रत्येक चित्रात त्या बाईच्या तंबोऱ्याला पडदे होते, दांडीवर एकाखाली एक आडव्या रेघा.

तंबोऱ्याला पडदे नसतात. त्याच्या चार तारा मोकळ्याच छेडायच्या असतात, बोटाने दाबायच्या नसतात, म्हणून पडद्यांचं तिथे काम नाही. पडदे, म्हणजे दांडीवरच्या त्या आडव्या पट्ट्या, सतारीला. मूळ चित्रकाराने कधीतरी सतारीवरून तंबोरा काढला असावा आणि ती चूक नकलेच्या नकलेतून इथवर पोचली असावी. एवढ्यावर मी फार थांबले नसते. पण त्या गठ्ठ्यात एका मुलाचं चित्र होतं, ज्याच्या घरात तीन पिढ्या तंबोरे होतात. त्याचे आजोबा आजही जवारी लावतात, म्हणजे तारेखालची घोडी घासून तारेचा गुंजणारा आवाज जुळवतात. त्याच्याही तंबोऱ्याला पडदे होते, नीट पट्टीने मारलेले.

मी त्याला जवळ बोलावून विचारलं, “तुमच्या घरच्या तंबोऱ्याला पडदे असतात का रे?”

“न्हाई मॅडम.”

“मग इथे?”

तो जराही गोंधळला नाही. “घरच्या तंबोऱ्याला नसत्यात. चित्रातल्या तंबोऱ्याला असत्यात.”

पुढचं सगळं काम या उत्तरावर उभं आहे. मुलाला तंबोरा माहीत होता, माझ्यापेक्षा जास्त माहीत होता. पण चित्र हा त्याच्यासाठी वेगळा प्रांत होता. तिथल्या वस्तू वेगळ्या, त्यांचे नियम वेगळे, आणि ते नियम पुस्तकात मिळतात. त्याला तंबोरा शिकवण्याची गरज नव्हती. आपण बघतो ते कागदावर चालतं, हे त्याला कुणीतरी पटवून द्यायला हवं होतं.

हे याच वयात का होतं, ते सांगायला हवं. लहान वर्गांतली मुलं माणूस घरापेक्षा मोठा काढतात आणि खुशीत असतात. अकरा-बारा वर्षांचं मूल आपलं चित्र आणि समोरची वस्तू यांची तुलना करायला लागतं. व्हिक्टर लोवेनफेल्ड या कलाशिक्षणतज्ज्ञाने मुलांच्या चित्रांच्या अवस्था मांडल्या, त्यात नऊ ते बारा आणि बारा ते चौदा हे दोन टप्पे वास्तवाकडे वळण्याचे आहेत. डोळा पुढे जातो, हात मागे राहतो. त्या दोघांमधलं अंतर मुलाला दिसतं आणि त्याची लाज वाटते. “मला चित्र येत नाही” हे वाक्य मी सहावी-सातवीत जितकं ऐकते तितकं त्याआधी कुणाकडून ऐकत नाही. पाठ केलेलं चित्र ही लाज झाकतं. पुस्तकातला गायक काढला की कुणी हसत नाही, आणि परीक्षेतही तो चालून जातो.

परीक्षेचा दबाव खरा आहे, त्याला मी नावं ठेवणार नाही. कला संचालनालयाच्या एलिमेंटरीत वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र (म्हणजे नक्षीकाम), कर्तव्यभूमिती आणि अक्षरलेखन असं सगळं असतं. पुढे इंटरमिजिएट झाली की दहावीला वाढीव गुण मिळतात. पालकांना ते हवे असतात आणि त्यात काही गैर नाही. शिवाय शिक्षणहक्क कायद्यात शंभरावर पट असलेल्या सहावी ते आठवीच्या शाळांसाठी कलेचा अंशकालीन निदेशक सांगितलेला असला, तरी बऱ्याच मुलांना माध्यमिकला येईपर्यंत चित्रकलेचा शिक्षक भेटलेलाच नसतो. ती पोकळी पुस्तक भरून काढतं.

यावर दोन उपाय नेहमी सुचवले जातात आणि दोन्ही मला पटत नाहीत. पहिला, लाल पेनाने पडदे खोडून ‘चूक’ लिहायचं. त्याने तंबोरा सुधारेल, पण मूल आता योग्य तंबोरा पाठ करेल. दुसरा, पुस्तक बंद करून “मनाला येईल ते काढा” म्हणायचं. लहान मुलांबाबत ते ठीक आहे. बारा वर्षांच्या मुलाला मात्र नेमकं येत नाही म्हणूनच त्रास होत असतो. त्याला मोकळं सोडणं म्हणजे एकटं सोडणं आहे. त्याला शिकवावं लागतं, आणि बघणं शिकवता येतं.

शाळेकडून मी आठवड्याच्या दोन तासिका लागोपाठ मागून घेतल्या. त्या मुलाच्या आजोबांना जाऊन भेटले. कारखाना म्हणजे घराची पुढची खोली आणि पायरी. भिंतीला सुकलेले भोपळे टांगलेले, कोपऱ्यात तुणाच्या लाकडाच्या फळ्या. हे भोपळे मुख्यतः पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात, ते भिजवून, कापून, आकार देऊन त्यावर तबली, म्हणजे लाकडाची वरची पातळ फळी, बसते. मिरजेतला हा धंदा शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला सुरू केला. हत्यारं घडवणारे हात वाद्यांकडे वळले. आजोबा म्हणाले, “आणा की पोरांना. पण धा-धाच्या वर नको, पाय ठेवायला जागा न्हाई.” तशा तुकड्या केल्या. उरलेला वर्ग तेवढा वेळ दुसऱ्या शिक्षकांकडे.

पहिल्या भेटीत वही-पेन्सिल न्यायची नाही असं मी आधीच बजावलं होतं. मुलांना हे विचित्र वाटलं. चित्रकलेचा तास आणि हात रिकामे. आजोबा जवारीचं काम करत होते: घोडीवर कानस फिरवायची, घोडी जागेवर ठेवायची, तारेखाली सुताचा दोरा सरकवायचा, तार छेडून कान द्यायचा, पुन्हा घोडी काढायची. मुलांनी हे अर्धा तास पाहिलं. मी काहीही समजावलं नाही.

वर्गात परत आल्यावर प्रश्न विचारले. त्यांचा कुठला गुडघा वर होता? कानस कुठल्या हातात होती आणि दुसरा हात काय करत होता? कान देताना डोकं खांद्यांच्या पुढे आलं होतं की बाजूला कललं होतं? दांडी कुणाच्या दिशेला होती? वर्गात भांडणं जुंपली. दोघं जण डावा गुडघा वर असल्याची शपथ घेत होते, तिसरा उजव्याची. डावा हात कुठे होता हे एकालाही सांगता येईना. मग मी कागद दिले, छापखान्यातून आणलेले पाठकोरे, आणि एकच नियम सांगितला: जे आठवतं तेवढंच काढायचं. जे आठवत नाही तिथे पुस्तकातलं घालायचं नाही, ती जागा कोरी सोडायची.

या नियमाइतकी कामाची गोष्ट माझ्या हाती दुसरी लागलेली नाही. कोऱ्या जागांनी भरलेली ती चित्रं विलक्षण होती. एका मुलीने फक्त कानस धरलेली मूठ आणि तिच्या वरचं मनगट काढलं होतं, बाकी कागद मोकळा. पण ती मूठ खरी होती. अंगठा कानसेच्या वर दाबलेला, बाकीची बोटं खालून वळलेली. तिने आधी काढलेल्या हातांना पाचही बोटं पंख्यासारखी पसरलेली असायची. दुसऱ्याने आजोबांचा चष्मा काढला, नाकाच्या शेंड्यावर आलेला, आणि वरून बघणारे डोळे. चेहऱ्याचा बाकी आकार नाही. कोरी जागा सोडण्यात कमीपणा नाही हे एकदा कळल्यावर मुलं निर्धास्त झाली. आणि प्रत्येक कोरी जागा पुढच्या भेटीचा प्रश्न झाली. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा कुणी घोळका करून उभं राहिलं नाही. जो तो आपापली कोरी जागा शोधत होता. कुणी डाव्या हाताकडे, कुणी दुमडलेल्या पायाकडे. “मॅडम, डाव्या हातानं दांडी दाबल्या, हलू नये म्हणून!” हे ओरडून सांगणारा मुलगा एरवी माझ्या तासाला खिडकीबाहेर बघत बसायचा.

ही पद्धत माझी नाही. एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये ओरास लकोक द ब्वाबोद्राँ नावाचे एक शिक्षक विद्यार्थ्यांना वस्तू समोर ठेवून नीट बघायला लावत आणि मग ती नजरेआड करून काढायला लावत. आधी सोपे आकार, मग चेहरे, मग चालती माणसं. शिल्पकार रोदँ त्यांच्याकडे शिकलेला. स्मरणशक्ती बघण्याच्या सरावाने वाढते, असं ते मानत. आपल्या स्मरणचित्राच्या पेपरामागचा हेतूही हाच असणार, असं मला मनापासून वाटतं. गाईड हातात आलं की तो हेतू बाजूला पडतो.

आता त्या मुलाकडे येते. सगळ्यात जास्त कोऱ्या जागा त्याच्या कागदावर होत्या. आजोबांना तो जन्मापासून बघतोय आणि त्याला त्यांचा डावा हात आठवला नाही, पाय आठवले नाहीत. त्याने पेन्सिल ठेवून दिली. मी त्याला विचारलं, घरी तू बसतोस कुठे? म्हणाला, पायरीवर, बाहेर तोंड करून, अभ्यास तिथंच करतो. मग तिथून वळून बघितलं तर काय दिसतं? बराच वेळ विचार करून तो म्हणाला, “पाठ.” मी म्हटलं, मग पाठ काढ.

त्याने पाठ काढली. बनियनच्या पट्ट्यांमधला मणका, उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली आलेला, मानेला पुढे ओढ, आणि दोन्ही बाजूंनी बाहेर आलेले कोपर. तंबोरा समोर आडवा असल्यामुळे एका बाजूने दांडीचं टोक आणि खुंट्या दिसत होत्या, दुसऱ्या बाजूला भोपळ्याचा अर्धगोल. पडद्यांचा प्रश्नच उरला नाही, कारण दांडीचा मधला भाग आजोबांच्या पाठीआड होता. पुस्तकातली मैफल समोरून दिसते. ही त्याच्या पायरीवरून दिसत होती आणि दुसऱ्या कुणालाही तशी दिसणं शक्य नव्हतं. प्रमाण चुकलं होतं, डोकं फार मोठं होतं. ते दुरुस्त करता येतं.

आणि ते केलं. वर्गात एकेक मूल मध्ये मांडी घालून बसायचं, हातात पट्टी कानशीसारखी धरून, आणि बाकीच्यांनी पेन्सिल लांब धरून डोकं मोजायचं. उभा मोठा माणूस साधारण साडेसात डोक्यांचा भरतो, मांडी घालून बसला की चारच्या आत-बाहेर. मुलं बसलेल्या माणसाला सहा डोकी उंच काढत होती आणि पाय खाली चिकटवत होती. एकदा मोजलं की हा घोळ मिटला. भोपळ्यालाही असाच वेळ दिला. कारखान्यातून फुटके भोपळे आणले होते. कापलेलं तोंड डोळ्यासमोर धरलं की वर्तुळ, हळूहळू तिरकं केलं की लंबवर्तुळ, डोळ्याच्या पातळीला आडवं आलं की नुसती रेघ. मुलांच्या चित्रात भांड्याच्या तोंडाला दोन्ही बाजूंना टोकं येतात, डोळ्याच्या आकारासारखी, आणि तळ सपाट येतो, कारण भांडं सपाट बसतं हे त्यांना माहीत असतं. भोपळा हातात फिरवत त्याच्या कडेवर बोट चालवलं की टोक कुठेच लागत नाही. वस्तुचित्राच्या पेपरात जे गुण जातात त्यातले बरेच या एका आकारावर जातात, म्हणून हा भाग मी घाईने उरकत नाही.

सगळं सुरळीत झालं नाही. वर्गातली एक मुलगी नकला अप्रतिम करायची. रेषा स्वच्छ, रंग कुठे सांडायचा नाही, स्नेहसंमेलनात तिचंच चित्र पहिलं. या सगळ्या उद्योगात ती मागे पडली आणि तिला ते लागलं. कोरी जागा तिला सोडवत नव्हती. तिने एकदा सरळ सांगितलं, “मॅडम, माझं चित्र घाण होतंय, मला नाही करायचं.” तिचं म्हणणं खोटं नव्हतं. बघून काढायला लागलं की आधी चित्र बिघडतंच. मी तिला तंबोऱ्याच्या तबलीच्या कडेची नक्षी दिली: वेल, पानं, कळ्या, एकमेकांत गुंतलेल्या. ती समोर ठेवून जशीच्या तशी उतरवायची. तिच्या हाताची सफाई तिथे कामी आली आणि संकल्पचित्रासाठी तिच्याकडे आपल्या गावची, स्वतः पाहिलेली नक्षी जमा झाली. नक्कल करण्यात दोष नसतो, कशावरून करतो त्यात फरक पडतो, हे मला तिच्यामुळे जास्त स्पष्ट झालं. माणसं काढायला मात्र ती वर्षअखेरपर्यंत तयार झाली नाही. मी जबरदस्ती केली नाही.

पालकांपैकी काहींनी विचारणा केली की आधी मुलं चांगली चित्रं काढत होती, आता अर्धवट का आणतात. हे अपेक्षित होतं. प्रत्येकाच्या चित्रांची फाईल मी क्रमाने लावून ठेवली होती: पाठ केलेली मैफल, पहिली कोरी चित्रं, मग भरत गेलेली. शेजारी शेजारी दाखवल्यावर बहुतेकांना पटलं. मुख्याध्यापकांची शंका अधिक रास्त होती. परीक्षेत कोरी जागा चालत नाही. दिलेल्या वेळात पूर्ण रचना, पूर्ण रंग हवा. म्हणून शेवटचे काही आठवडे फक्त रचनेवर घालवले. विषय सांगायचा, मुलांनी आगपेटीएवढ्या चौकटींत तीन-चार कच्च्या रचना करायच्या, प्रत्येक वेगळ्या जागेवरून बघितलेली, आणि त्यातली एक मोठी करायची. बाजार, एसटी स्टँड, बेंदूर. ‘तू तिथे कुठे उभा होतास?’ हा प्रश्न विचारला की पुस्तकातलं चित्र आपोआप गळून पडतं, कारण पुस्तकातल्या चित्रात कुणीच कुठे उभं नसतं.

परीक्षेत चमत्कार घडला नाही. शाळेचा निकाल नेहमीसारखाच लागला. त्या मुलाला बी श्रेणी मिळाली. काही मुलांनी ऐनवेळी घाबरून पाठ केलेलंच चित्र काढलं हेही त्यांनी येऊन सांगितलं. दोन तासांच्या पेपरात खात्रीचं ते धरून बसावंसं वाटणं मला समजतं. रंगात आम्ही कमी पडलो. रेखाटनाला इतका वेळ गेला की पोस्टर कलर हाताळायला पुरेसा सराव झाला नाही, आणि बरीच चांगली रेखाटनं रंगवताना मेली. पुढच्या वर्षी दिवाळीआधीच रंग हातात द्यायचे असं ठरवलं आहे.

वर्षाखेरीला प्रगतिपत्रकात वर्णनात्मक नोंदी कराव्या लागतात. त्याही तयार मिळतात, ‘चित्रे सुबक काढतो’, ‘रंगसंगती उत्तम’. या वर्गासाठी मी त्या वापरल्या नाहीत. त्या मुलाच्या नोंदीत लिहिलं, ‘मागून दिसणारा काम करणारा माणूस निरीक्षणाने काढतो. खांद्यांचा कल अचूक. डोक्याच्या प्रमाणाचा सराव हवा.’ नकला करणाऱ्या त्या मुलीच्या नोंदीत, ‘नक्षीतील वळणे अत्यंत अचूक. मानवाकृतीला अजून सुरुवात नाही.’ अशा नोंदींना वेळ लागतो, पण आठवीच्या शिक्षकाला पहिल्या दिवशी कुठून सुरू करायचं ते कळतं.

आठवीचा शिक्षक म्हणजे मीच. बसलेला माणूस या मुलांना आता जमतो. उभा जमत नाही, चालता तर मुळीच नाही. सगळ्यांचे दोन्ही पाय जमिनीवर सपाट आणि वजन कुठेच नाही. जूनमध्ये त्यांना भाजी मंडईत न्यायचं आहे, ओझं उचलणारी माणसं बघायला. पाटी डोक्यावर चढताना मान, कंबर आणि टाच यांचं काय होतं, तिथून सुरुवात करू. पहिल्या दिवशी वह्या शाळेतच राहतील.